मोरचुदाची लेई

माझ्या चुलत सासऱ्यांइतकं वाळवीचं वाईट चिंतणारा माणूस अख्ख्या महाकोशलात झाला नसेल. माणसांशी त्यांचं वैर नव्हतं असं नाही, पण माणसाला ते निदान एकदा माफ करत. वाळवीला कधीच नाही. कोणाच्या घरी गेले की चहा येईपर्यंत चौकटीवर बोटानं टकटक करून पाहायचे, आणि आवाज पोकळ आला की यजमानांकडे अशा नजरेनं बघायचे की जणू त्यांनीच ती पाळली आहे. घरात सगळे त्यांना काकाजी म्हणत, आणि जबलपूरच्या मराठी मंडळींतही ते काकाजीच होते. खमरियाच्या कारखान्यातली नोकरी, लवकर गेलेली बायको, मूलबाळ नाही आणि आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली, एवढा त्यांचा संसार. उरलेला जीव त्यांनी इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयाला दिला होता. वाचनालय म्हणजे मंडळाच्या हॉललगतची एक खोली, सहा कपाटं आणि सातशेच्या वर मराठी पुस्तकं. नागपूर राजधानी होती तेव्हा इथे मराठी साहेब आणि कारकून भरपूर होते. मग प्रांतरचना झाली, नागपूर तिकडे गेलं आणि जबलपूर इकडे राहिलं. ज्यांना जमलं ते बदल्या करून घेऊन निघून गेले. जाताना त्यांनी पाळणे नेले, पाटे-वरवंटे नेले, लोणच्याच्या बरण्यासुद्धा गवतात गुंडाळून नेल्या आणि पुस्तकं तेवढी वाचनालयाला दान दिली. ‘दान नाही सूनबाई,’ काकाजी म्हणायचे, ‘ओझं कमी केलं लोकायनं.’

मी अमरावतीहून लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्या आठवड्यात माझी जी परीक्षा झाली, ती स्वयंपाकाची नव्हती. काकाजींनी एक पुस्तक मधेच उघडून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, ‘वाच.’ मी वाचलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग माझ्या सासूबाईंना हाक मारून म्हणाले, ‘वहिनी, पोरगी न अडखळता वाचते. देखो, घरात कोणी तरी आलं.’ आमच्या घरची पुढची पिढी मराठी फक्त ऐकत असे आणि उत्तरं हिंदीत देत असे. माझे यजमानही त्यातलेच. त्यांना मराठी पुस्तक दिलं की ते चष्मा शोधायला जात आणि तिकडेच राहत. त्यामुळे काकाजींच्या लेखी मी या घरात सून म्हणून नव्हे, वाचक म्हणून आले. त्या वेळी मला त्याचा फार अभिमान वाटला. पुढे काय होणार हे तेव्हा ठाऊक असतं तर मी पहिल्याच ओळीला अडखळले असते.

काकाजींचं पुस्तक बांधणं हे मुळात मोरचूद बनवण्यापासून सुरू होई. बांधणीच्या लेईत, म्हणजे खळीत, मोरचूद घातलं की कसर आणि वाळवी त्या पुस्तकाला तोंड लावत नाही, हे कोणताही बाइंडर सांगेल. पण बाइंडर ते बाजारातून आणतो. काकाजींना बाजारातलं चालत नसे. त्यात हिराकस मिसळतात, असं त्यांचं ठाम मत होतं आणि नवसागर, चुना घेऊन ते कोणासमोरही सिद्ध करायला ते तयार असत. गुरंदीच्या जुन्या बाजारातून ते जळक्या मोटारींच्या तांब्याच्या तारा आणत, वरचं वेष्टण जाळून टाकत आणि मागच्या अंगणात शेगडीवर लोखंडी तव्यात त्या तारा लाल होईतो भाजत. गार झाल्या की हातोडीनं ठोकायच्या, म्हणजे वरची काळी खपली झडते. पुन्हा भाजायच्या, पुन्हा ठोकायच्या. रविवारी सकाळी आमच्याकडे देवाच्या घंटेआधी ही ठोकठोक सुरू होई. मग ती काळी पूड पाणी घातलेल्या गंधकाच्या तेजाबात चिमूट चिमूट सोडायची. काळं विरघळत जाई आणि पाणी निळं होत जाई, असं निळं की रागावलेल्या माणसानंही क्षणभर बघत राहावं. ते फडक्यातून गाळून चिनी मातीच्या बरणीत भरायचं, तोंडावर आडवी काडी ठेवून मधोमध दोरा सोडायचा आणि बरणी कोपऱ्यात ठेवून द्यायची. त्या कोपऱ्याजवळून जोरात चालायला आम्हाला बंदी होती. उन्हाळ्यात पाणी भराभर आटे आणि तळाशी नुसता बारीक चुरा बसे. थंडीत महिना महिना लागे, पण दोऱ्यावर बोराएवढे तिरप्या कडांचे खडे धरत. ‘घाईत झालेलं बारीकच राह्यते,’ हे त्यांचं वाक्य मी चुऱ्यापासून ते माझ्या पुतणीच्या लग्नापर्यंत सगळ्या प्रसंगी ऐकलं आहे.

बरणी अर्थातच माझी होती. माहेरून लोणचं घालून आणलेली. मी तिच्याबद्दल बोलले तेव्हा ते म्हणाले, ‘आता त्यात लोणचं घालू नको बरं, मरशील.’ आणि विषय संपला.

मोरचुदाचे गुणधर्म त्यांनी आम्हाला शिकवले नाहीत, आमच्यावर करून दाखवले. निळं पाणी लोखंडाला लागलं की लोखंडावर तांबं चढतं, हे दाखवायला त्यांना खिळा पुरला असता. पण खिळा लहान, दिसत नाही, म्हणून पाहुण्यांसमोर त्यांनी सासूबाईंच्या विळीचं पातंच त्यात बुडवलं. पातं लालसर झळकायला लागलं. पाहुण्यांनी वाहवा केली आणि सासूबाईंनी त्या दिवसापासून ती विळी अंगणात गवत कापायला ठेवली. एकदा उरलेलं पाणी त्यांनी मोरीत ओतायच्या ऐवजी वृंदावनाच्या बुडाशी ओतलं, आणि चार दिवसांत तुळस काडी होऊन उभी राहिली. सासूबाई जेवल्या नाहीत. काकाजी खाली मान घालून नवं रोप घेऊन आले, पण रोप लावताना हळूच मला म्हणाले, ‘पाहिलं? मुळापर्यंत गेलं. असली ताकद बाजारच्या मालात नाही.’ खडा तव्यावर तापवला की त्यातलं पाणी उडून तो पांढरा पडतो, आणि पाण्याचा थेंब लागला की पुन्हा निळा होतो. ही पांढरी पूड ते बाटलीत घेऊन फिरत. रेशनच्या रॉकेलच्या रांगेत उभं राहून त्यांनी एकदा दुकानदारासमोरच आपल्या डब्यातलं रॉकेल वाटीत घेऊन त्यात पूड टाकली. ती निळी झाली. रांगेतले लोक हसले, दुकानदार नाही हसला, आणि पुढे कित्येक महिने आमच्या कार्डाचा नंबर आला की त्याचं रॉकेल संपलेलं असे.

हे सगळं मी आता हसून लिहिते आहे. तेव्हा हसत नव्हते. त्यांच्या नखांच्या कडा कायमच्या निळसर होत्या, धोतरावर निळे ठिपके होते आणि जेवायला बसण्याआधी चिंचेनं हात घासायला लागायचे तेव्हा पंगत खोळंबे. पण पुस्तक हातात घेतलं की या धांदरट माणसाचा हात असा स्थिर व्हायचा की मी बघत राहायची. जुनी शिलाई उसवायची, पान न् पान मऊ फडक्यानं पुसायचं, नवी शिलाई, मग मैद्याची लेई, तीत मोरचूद, पाठीला कापड, वर पुठ्ठा. आणि सगळ्यात शेवटी, पुस्तक दाबात घट्ट आवळून त्याच्या तिन्ही कडांवर निळ्या पाण्यात कालवलेल्या पातळ लेईचा एक हात. यामुळे कडा फिकट निळ्या दिसत आणि वाळल्यावर पानं एकमेकांना हलकीशी चिकटत. पहिल्यांदा वाचणाऱ्याला प्रत्येक पान बोटानं सोडवून घ्यावं लागे. लोक कुरकुरत. काकाजी म्हणत, ‘वाचायचं आहे ना? मग एवढी मेहनत कर.’

इथेच त्यांची चूक झाली, आणि ती कळून सवरून झाली. आपल्याकडे बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय आहे. तेव्हा मंडळात एक निवृत्त ओव्हरसियर होते, रोज संध्याकाळी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून वाचणारे आणि प्रत्येक पानाला जीभ लावणारे. त्यांना मळमळायला लागलं. आधी एक दिवस, मग रोज. डॉक्टरांनी पित्त म्हटलं, घरच्यांनी ताक बंद केलं. शेवटी त्यांनी स्वतःच निदान केलं की ही कादंबरी आपल्याला सोसत नाही, आणि तसं त्यांनी वाचनालयात सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं. काकाजी म्हणाले, ‘लेखक चांगला आहे साहेब. तुमची सवय खराब आहे. मोरचूद पोटात गेलं की उलटीच होते.’ आणि दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली, ‘पानास थुंकी लावू नये. लावल्यास वाचनालय जबाबदार नाही.’ ती पाटी वाचून जे काही लोक येत होते, त्यांतले निम्मे यायचे बंद झाले. आयांनी मुलांना पाठवणं सोडलं. मी काकाजींना म्हटलं, ‘मोरचूद कमी करा थोडं. नुसत्या पाठीला लावा.’ ते म्हणाले, ‘सूनबाई, कीड दोन प्रकारची राह्यते. एक पुस्तक खाते. दुसरी पुस्तक नेते अन् आणून देत नाही. पहिलीवर औषध आहे, ते काहून सोडू?’ वाळवी खरंच गेली. सातशे पुस्तकांत एका पानाला भोक नव्हतं. आणि वाचनालयात माणूस नव्हता.

एक होती, ती मी. दर पंधरा दिवसांनी काकाजी माझ्यासाठी एक पुस्तक निवडून आणत, नोंदवहीत माझं नाव लिहीत, माझी सही घेत. पहिली काही वर्षं मी वाचलं, अगदी मनापासून वाचलं. दुपारी सगळे झोपले की मी पानं सोडवत बसायची आणि संध्याकाळी भाजी निवडता निवडता आम्ही त्यावर भांडायचो. मग दोन मुलं झाली. मग सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचं सगळं अंथरुणात. दुपार नावाची गोष्ट माझ्या आयुष्यातून गेली. मी काकाजींना सांगू शकले असते की मला जमत नाही. पण ते पुस्तक घेऊन दारात उभे असत, दोन्ही हातांत धरून. मग मी पुस्तक घ्यायची, उशाला ठेवायची आणि पंधरा दिवसांनी परत द्यायची. ‘कसं वाटलं?’ असं विचारलं की पहिलं आणि शेवटचं पान बघून काहीतरी सांगायची. ते मान हलवत. त्यांना फसवणं इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि त्याचा मला थोडा रागही येई.

अशी बरीच वर्षं गेल्यावर मंडळाची ती सभा झाली. हॉल आता लग्नकार्यांना भाड्यानं जात होता आणि भांडीकुंडी, गाद्या ठेवायला खोली हवी होती. सेक्रेटरी तरुण होते, चांगल्या घरचे, गणेशोत्सवात मायमराठीवर इतकं सुंदर भाषण करायचे की बायकांच्या डोळ्यांत पाणी येई. त्यांची मुलं मराठी वाचू शकत नव्हती, पण ते काही त्यांच्या एकट्याचं नव्हतं. ते म्हणाले, ‘काकाजी, देखो, आजकाल कोणाजवळ टाइमच नाही आहे. कोण वाचून राहिलं?’

काकाजी उठले. त्यांनी काखेतली नोंदवही काढली आणि टेबलावर उघडून ठेवली. ‘एक वाचक आहे,’ ते म्हणाले. ‘अकरा वर्षांत एक पंधरवडा खाली गेला नाही. पाहून घ्या सही. एकही वाचक आहे तोपर्यंत वाचनालय बंद करता येत नाही, असं आपल्याच घटनेत लिहिलेलं आहे.’

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मागे बायकांत बसले होते. सेक्रेटरींनी नोंदवहीवरून बोट फिरवलं आणि अगदी गोड आवाजात, कुठलाही डाव न टाकता विचारलं, ‘अच्छा, मग वहिनी, तुम्हीच सांगा ना. हे आत्ता परत केलेलं पुस्तक. काय आहे त्यात?’

मी उभी राहिले. मला त्या पुस्तकाचं नावसुद्धा आठवेना. दर वेळी काहीतरी ठोकून देणारी मी, त्या वेळी एक वाक्य सुचलं असतं तरी भागलं असतं. सभेत एकानंही ते पुस्तक वाचलेलं नव्हतं, मी काहीही सांगितलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण माझी जीभ उचलली नाही.

‘बस खाली,’ काकाजी म्हणाले. माझ्याकडे न बघताच. ‘हे काही शाळा नाही आहे, धडा विचारायला. सेक्रेटरीजी, ठराव लिहा. खोली रिकामी करायची. सूचक म्हणून माझं नाव टाका.’ आणि त्यांनी नोंदवही मिटली.

घरी जाताना आम्ही सायकलरिक्षात शेजारी शेजारी बसलो होतो. मी रडत होते. म्हटलं, ‘काकाजी, चुकलं माझं. मी वाचत नव्हते.’

‘मालूम आहे,’ ते म्हणाले. ‘पानं चिकटलेलीच वापस येत होती. पहिलं अन् शेवटचं सोडून. चार-पाच वर्षं झाली.’

‘मग बोलले काहून नाही तुम्ही?’

रिक्षा चढावर हळू झाली होती. ‘बोललो असतो तर तू न्यायचीही बंद झाली असती,’ ते म्हणाले. ‘पुस्तक पंधरा दिवस कोणाच्या घरी राहून येते, उशाशी राह्यते. तेवढी हवा लागते त्याले. कपाटात मरते ते.’

महिन्याभरात मंडळानं पुस्तकं गुरंदीतल्या एका रद्दीवाल्याला देऊन टाकली. काकाजींनी वाद घातला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याच्या दुकानी गेले आणि मोरचुदाचं हिंदी नाव घेऊन म्हणाले, ‘भैया, इन सब में नीला थोथा लगा है। इसकी पुड़िया मत बाँधना, कोई बच्चा चाट लेगा।’ रद्दीवाला हबकला. चणे-फुटाण्याला कागद जायचा नाही तर तो घेऊन करायचं काय? दुपारी हातगाडी आमच्या दारात आली आणि त्यानं सगळी पुस्तकं व्हरांड्यात उतरवून ठेवली. मंडळात त्यांना जागा नव्हती, आणि ‘जहर हम नहीं लेते, बाबूजी,’ असं म्हणून तो निघून गेला. काकाजींनी ते इमानदारीनं सांगितलं होतं की बेरकीपणानं, हे मला अजून कळलेलं नाही. विचारायला हवं होतं. पण मी तेव्हा चिडले होते. सातशे पुस्तकं घरात कुठे ठेवायची, हा प्रश्न माझा होता, त्यांचा नव्हता. ती पलंगाखाली गेली, माळ्यावर गेली, धान्याच्या कोठीमागे गेली. काकाजी त्यानंतर दोन वर्षं होते. त्या दोन वर्षांत त्यांनी मला एकही पुस्तक आणून दिलं नाही. देण्याची गरजही नव्हती म्हणा, सगळी घरातच होती. पण ते दारात उभे राहिले नाहीत, एवढं खरं.

ते गेले त्याला आता खूप वर्षं झाली. सासूबाई गेल्या, यजमान गेले, मुलं दूरच्या शहरांत आहेत आणि फोनवर माझ्याशी हिंदीत बोलतात. दुपार परत आली आहे, लांबच लांब दुपार. मी पलंगाखालून एकेक पुस्तक काढते आणि वाचते. बहुतेकांची पानं चिकटलेली आहेत, एकेक हळूच सोडवावं लागतं. एकाही पानाला कसर लागलेली नाही. वाचताना कधी कधी इतकं छान काही येतं की मी पुस्तक मिटून तशीच बसते, आणि मग मला काकाजींचा राग येतो. एवढं सगळं माहीत असून गप्प बसणारा माणूस म्हणजे काय चांगला माणूस झाला? तुळशीवर विष ओतलं, विळी बाद केली, रेशनवाल्याशी भांडले, मलाच तेवढं सोडलं. त्यांनी एकदा तरी मला ओरडायला हवं होतं. मी वाचलं असतं, बहुतेक.